वीदाला जाताना: बेनिनमधल्या गुलामांच्या वाटेवर पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर टोगो आणि नायजेरिया यांच्या मधोमध बेनिन हा चिंचोळा देश आहे. त्यातल्या कोतोनू या सर्वांत मोठ्या शहरापासून पश्चिमेला साधारण ४० किलोमीटरवर वीदा हे गाव लागतं. नकाशात किंवा तिकिटाच्या साइटवर शोधताना ओ, यू, आय, डी, ए, एच अशी अक्षरं टाइप करा, कारण नाव फ्रेंच पद्धतीनं लिहिलं जातं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या एका गावातून सुमारे १० लाख माणसं जहाजांत कोंबून अटलांटिकपलीकडे नेली गेली. आफ्रिकेतून त्या समुद्रापार पाठवलेल्या माणसांचा एकूण आकडा सुमारे सव्वा कोटी धरला जातो. अंगोलातलं लुआंडा सोडलं तर वीदाएवढी माणसं दुसऱ्या कुठल्याच बंदरातून गेली नाहीत.

गावातल्या एका चौकातून निघून समुद्रावर पोचणारी चार किलोमीटरची वाट हा या भेटीचा गाभा आहे. ती पायी चालावी, सावकाश चालावी आणि निघण्याआधी थोडा अभ्यास करून चालावी. बाकीची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

कधी जायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. मोठा पाऊस एप्रिलपासून जुलैपर्यंत असतो, दुसरा, थोडा कमी जोराचा, सप्टेंबरनंतर येतो. हिवाळ्यात सहाराकडून हरमत्तान नावाचा कोरडा, धुळीचा वारा सुटतो, आकाश पांढुरकं दिसतं, घसा कोरडा पडतो. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी आपली औषधं जास्तीची घ्यावीत.

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बेनिनमध्ये वोदून या तिथल्या पारंपरिक धर्माची राष्ट्रीय सुट्टी असते (आधी ती १० जानेवारीला असे) आणि त्याचा सर्वांत मोठा सोहळा वीदालाच होतो. अलीकडे सरकार तो काही दिवसांचा महोत्सव म्हणून भरवतं. गर्दी प्रचंड, खोल्यांचे दर चढलेले. सोहळा पाहायचाच असेल तर काही महिने आधी खोली धरून ठेवा. पण गुलामांची वाट चालणं हा मुख्य हेतू असेल, तर माझा सल्ला आहे की त्या आठवड्यात जाऊ नका. ढोल, मंडप आणि कॅमेऱ्यांच्या गर्दीत ती वाट नीट ऐकू येत नाही.

व्हिसा, लस आणि औषधं

बेनिनचा व्हिसा ऑनलाइन मिळतो. सरकारच्या अधिकृत ई-व्हिसा साइटवरूनच अर्ज करा. शोधताना मधल्या दलालांच्या साइट आधी दिसतात, त्या जादा पैसे घेतात. अर्ज करताना पासपोर्टची मुदत, राहण्याचा पत्ता आणि येण्याची तारीख हाताशी ठेवा.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस सक्तीची आहे. ही लस आपल्याकडे कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते. मुंबईत सहारला विमानतळ आरोग्य संघटनेचं केंद्र आहे. वेळ आधी घ्यावी लागते, पासपोर्ट सोबत न्यावा लागतो. प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर हे काम टाकू नका. एकदा मिळालेलं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलूनच लस घ्यावी. प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका हरवू नका. बेनिनमध्ये उतरताना ती लागते आणि भारतात परतताना तर जास्तच लागते. पीतज्वराच्या देशातून प्रमाणपत्राशिवाय आलेल्या प्रवाशाला आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

मलेरिया तिथं बारमाही आहे. प्रतिबंधक गोळ्या कुठल्या घ्यायच्या हे डॉक्टर ठरवतील. काही गोळ्या प्रवासाच्या आधीपासून सुरू करून परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात, तेव्हा महिनाभर आधी भेटा. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं मलम वापरा. पाणी फक्त सीलबंद बाटलीतलं प्या.

पोचणं, पैसे, भाषा

मुंबईहून अदिस अबाबामार्गे कोतोनूला जाता येतं. लागोसला उतरून रस्त्यानं येणं नकाशावर सोपं दिसतं, पण नायजेरियाचा वेगळा व्हिसा आणि सीमेवरचा खोळंबा पाहता नवख्यानं त्या फंदात पडू नये.

चलन सीएफए फ्रँक. ते युरोला पक्कं बांधलेलं आहे, एक युरो म्हणजे सुमारे ६५६ फ्रँक. रुपये तिथं बदलून मिळत नाहीत, म्हणून युरोच्या नोटा न्या आणि एटीएमसाठी ‘व्हिसा’ कंपनीचं बँक कार्ड ठेवा. वीदात सुटे पैसे लागतात. मोठी नोट दिली की कुणाकडेच मोड नसते.

कोतोनूहून वीदाला शेअर टॅक्सी मिळते. चालकाशेजारी दोघं आणि मागे जितके मावतील तितके, अशी बैठक असते. सामान जास्त असेल तर पूर्ण टॅक्सी ठरवा. गावात फिरायला मोटरसायकलची टॅक्सी असते, तिला झेमिजान किंवा नुसतं झेम म्हणतात. बसण्याआधी भाडं ठरवा, हेल्मेट मागा. कोतोनूहून वीदाला येणारा दुसरा रस्ता किनाऱ्यालगतचा आहे. तो कोळ्यांच्या वस्त्यांमधून जातो, सुंदर आहे. दिवसाउजेडी जावं.

सरकारी भाषा फ्रेंच, घरातली भाषा बहुतेकांची फॉन. इंग्रजीवर विसंबून चालणार नाही. कुठलीही चौकशी करण्याआधी ‘बाँजूर’ म्हणायचं आणि उत्तराची वाट पाहायची, मग प्रश्न. अभिवादन न करता थेट ‘कितीला?’ विचारणं तिथं उद्धटपणाचं समजतात. लहान मुलं ‘योवो, योवो’ अशी हाक मारतील. परक्याला, विशेषतः गोऱ्याला तसं म्हणतात, आणि आपण भारतीयही त्यात मोडतो. त्यात वाईट हेतू नसतो. पैसे, वस्तू देताघेताना उजवा हात वापरायचा, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

निघण्याआधी एवढं तरी माहीत असू द्या

वीदा मूळचं ह्वेदा राज्याचं. त्यांची राजधानी साव्ही थोडी आत होती. १७२७ मध्ये उत्तरेकडच्या दाहोमे राज्याचा राजा अगाजा यानं ह्वेदा जिंकलं आणि समुद्राचं दार त्याच्या हाती आलं. फ्रेंच, इंग्रज आणि पोर्तुगीज या तिघांचेही किल्ले गावातच होते, पण गावावर सत्ता मात्र दाहोमेचीच होती. परदेशी व्यापाऱ्यांवर देखरेख ठेवायला राजानं योवोगान नावाचा अधिकारी नेमला होता. युरोपियनांनी गावोगाव जाऊन माणसं धरली, असं चित्र डोक्यात असेल तर ते इथं बदलावं लागेल. बहुतेक माणसं युद्धात पकडलेली होती, ती युद्धं दाहोमेच्या सैन्यानं केली, विक्री राजा आणि स्थानिक व्यापारी करत, आणि खरेदीदार युरोपचे आणि ब्राझीलचे होते. मागणी तिकडून होती, बंदुका तिकडून येत होत्या, नफ्याचा मोठा वाटा तिकडे गेला. पण इथलेही हात त्यात होते, ही गोष्ट बेनिननं लपवलेली नाही. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मातियू केरेकू यांनी अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका चर्चमध्ये आफ्रिकन अमेरिकन लोकांची या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली. २०२४ मध्ये बेनिननं, ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आफ्रिकेबाहेर नेले गेले त्यांना नागरिकत्व देणारा कायदाही केला.

माणसांची किंमत कशात मोजली जाई? मुख्यतः कवड्यांत. मालदीवच्या उथळ समुद्रातल्या छोट्या पांढऱ्या कवड्या बंगालच्या आणि सिलोनच्या बंदरांतून ॲमस्टरडॅम आणि लंडनला जात, तिथं गुलामांचे व्यापारी त्या विकत घेत आणि पिंपांत भरून या किनाऱ्यावर आणत. ४० कवड्यांची एक माळ, अशा पाच माळांचा एक गट, आणि वीस गटांची मोठी मोजणी, असा हिशेब चाले. अठराव्या शतकात अशा अब्जावधी कवड्या पश्चिम आफ्रिकेत उतरल्या. सोबत गुजरात आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरचं सुती कापड असे, ब्राझीलच्या बाहियाहून आलेली काकवीत भिजवलेल्या तंबाखूची गुंडाळी असे, बंदुका आणि दारू असे. हिंदी महासागरातला माल या व्यवहारात इतका खोलवर गुंतलेला होता, हे माहीत असलं की वीदाच्या देवळांत आणि दागिन्यांत दिसणाऱ्या कवड्या निव्वळ शोभेच्या वाटत नाहीत.

इथं एक सावधगिरी. मराठी माणसाला आफ्रिका आणि गुलामी म्हटलं की मलिक अंबर किंवा जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. ते पूर्व आफ्रिकेतून, अरबी समुद्राच्या वाटेनं आले होते. मलिक अंबर इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा कारभारी झाला. त्या वाटेवरची गुलामी सौम्य होती असं अजिबात नाही, पण तिची रचना वेगळी होती. अटलांटिकपलीकडे उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांवर गुलाम आईचं मूलही गुलाम म्हणूनच जन्माला येई, आणि रंगावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं नशीब ठरे. वीदाच्या मार्गदर्शकाशी बोलताना या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका.

पहिला दिवस: किल्ला आणि गाव

दुपारपर्यंत वीदात पोचून, सामान टाकून, आधी पोर्तुगीज किल्ला पाहावा. साँव जुआंव बातिस्ता नावाचा हा किल्ला १७२१ चा. तिघांच्या किल्ल्यांपैकी आज हाच उभा आहे. त्यातच गावाचं इतिहास संग्रहालय आहे. गेल्या काही वर्षांपासून सरकारनं किल्ला, वाट आणि किनारा यांचं मोठं नूतनीकरण हाती घेतलेलं आहे, त्यामुळे एखादा भाग बंद किंवा पत्रे लावलेला असू शकतो. राहण्याच्या जागी आदल्या दिवशी विचारून घ्या.

या किल्ल्याची शेवटची गोष्ट गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या वाचकानं मुद्दाम लक्षात ठेवावी. फ्रेंचांनी १८९० च्या दशकात दाहोमे जिंकलं, पण सुमारे एक हेक्टरचा हा तुकडा पोर्तुगालनं सोडला नाही. चहूबाजूंनी फ्रेंच वसाहत आणि मधोमध मूठभर लोकांचा पोर्तुगीज किल्ला, अशी स्थिती दशकानुदशकं राहिली. १९६० मध्ये दाहोमे, म्हणजे आजचा बेनिन, स्वतंत्र झालं आणि १९६१ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी किल्ला ताब्यात घेतला. निघताना पोर्तुगीज अधिकाऱ्यानं इमारतीला आग लावली. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं सरकार तेव्हा कुठलीच वसाहत, कितीही लहान असो, राजीखुशीनं सोडायला तयार नव्हतं, हे या दोन ठिकाणांवरून कळतं. संग्रहालयात मार्गदर्शकाला १९६१ बद्दल विचारा आणि गोव्याचं सांगा. दोघांकडेही बोलायला पुष्कळ असेल.

किल्ल्यानंतर गावातून हिंडा. जुन्या घरांच्या कमानी, रंगवलेल्या खिडक्या ब्राझीलच्या धाटणीच्या आहेत. एकोणिसाव्या शतकात बाहियाहून परतलेल्या, मुक्त झालेल्या माणसांनी आणि ब्राझीलच्या व्यापाऱ्यांनी ती बांधली. त्यांच्या वंशजांना अगुदा म्हणतात, आणि पाट्यांवर डिसोझा, दा सिल्वा, डाल्मेडा अशी आडनावं दिसतील. फ्रान्सिस्को फेलिक्स डिसोझा हा त्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत क्रूर व्यवहाराचा माणूस. बाहियात जन्मलेल्या या व्यापाऱ्यानं १८१८ मध्ये गेझो याला दाहोमेच्या गादीवर बसायला मदत केली. बदल्यात त्याला शाशा ही पदवी आणि गुलामांच्या व्यापारात मोठं स्थान मिळालं. १८४९ मध्ये तो वीदातच मेला. त्याचं घराणं आजही गावात प्रतिष्ठित आहे आणि शाशा ही पदवी चालत आलेली आहे. म्हणजे विकणाऱ्यांचे वंशज, परतलेल्यांचे वंशज आणि इथंच गुलाम म्हणून राहिलेल्यांचे वंशज एकाच गल्लीत राहतात. ‘तुमचे पूर्वज कोण होते?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत कुणालाही विचारू नका.

दुसरा दिवस: वाट

पहाटे उठा. उजाडताच निघालात तर ऊन चढायच्या आत समुद्रावर पोचाल. बंद चप्पल किंवा बूट, टोपी, प्रत्येकी दीड-दोन लिटर पाणी. एका बाजूनं चालायचं आणि परत येताना झेम करायची. मार्गदर्शक आदल्या दिवशीच ठरवा. अधिकृत ओळखपत्र असलेला घ्या, इंग्रजी बोलणारा हवा असेल तर आधी सांगावं लागतं. पैसे किती, किती वेळ, कुठली ठिकाणं, हे निघण्याआधीच स्पष्ट करा, म्हणजे वाटेत मन दुसरीकडे जात नाही.

वाट शाशा चौकातून सुरू होते, डिसोझांच्या वाड्यासमोरून. इथल्या मोठ्या झाडाखाली माणसांचा लिलाव होत असे, असं सांगतात. तिथून वाटेवर ठिकठिकाणी पुतळे आणि खुणा आहेत, दाहोमेच्या राजांची चिन्हं, बेड्यांतली माणसं. यांतले बरेचसे १९९० च्या दशकात उभे राहिले. गुलामांच्या मार्गांचा अभ्यास करणारा युनेस्कोचा प्रकल्प १९९४ मध्ये याच गावात सुरू झाला, त्याच्या आसपासची ही सगळी उभारणी.

पुढे विस्मृतीच्या झाडाची जागा लागते. पुरुषांना त्याभोवती नऊ फेऱ्या आणि बायकांना सात फेऱ्या घालायला लावत, म्हणजे ते आपलं गाव, नाव, देव विसरतील आणि पळून जाणार नाहीत, ही कथा तुम्हाला प्रत्येक मार्गदर्शक सांगेल. माझं मत इथं स्पष्ट सांगतो. त्या काळच्या व्यापाऱ्यांच्या नोंदींत या विधीचा उल्लेख सापडत नाही, आणि इतिहासकारांना ती कथा नंतरची वाटते. तरीही ती फेकून देण्यासारखी नाही. वीदाच्या लोकांनी आपल्याच गावात घडलेल्या गोष्टीला कसं समजून घेतलं, हे ती कथा सांगते. म्हणून ऐकताना मनात दोन कप्पे ठेवा: कागदावर काय आहे आणि आठवणीत काय आहे. मार्गदर्शकाला ‘हे खरं का?’ असं विचारलंत तर तो दुखावेल. ‘हे तुम्ही कुणाकडून ऐकलं?’ असं विचारा. उत्तरं फार वेगळी येतात.

त्यानंतर झोमाई. जिथं उजेड न्यायचा नाही अशी जागा, जहाजाची वाट पाहणाऱ्यांना अंधारात कोंडून ठेवण्याची. जहाजं येण्याचा नेम नसे, आठवडे जात, कधी महिने. इथं भाषण ऐकण्यापेक्षा थोडा वेळ गप्प उभं राहणं बरं. पुढे झुंगबोजी. कोंडलेल्यांत जे मेले किंवा मरायला टेकले त्यांना इथल्या खड्ड्यांत पुरलं, तिथं आता स्मारक आहे. मला विचाराल तर साऱ्या वाटेवर सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो इथं. समुद्रावरच्या मोठ्या कमानीला सगळे थांबतात, फोटो काढतात. इथं फारसं कोणी थांबत नाही, आणि ज्यांना ना जहाज मिळालं ना घर, ते इथं आहेत.

मग परतीचं झाड. त्याभोवती तीन फेऱ्या, म्हणजे मेल्यावर आत्मा तरी आपल्या देशात परत येईल. ही कथा विस्मृतीच्या कथेच्या अगदी उलट आहे, आणि गाव दोन्ही कथा सांगतं.

यानंतर खाडी येते. गाव समुद्राला लागून नाही, मध्ये खाजण आणि पाणी आहे, खारफुटी आहे. आज रस्ता वरून जातो. तेव्हा साखळदंडांतल्या माणसांना हे पाणी पार करून रेतीवर आणत. किनाऱ्यावर बंदराची सोय नव्हती, आजही उंच लाटा थेट रेतीवर फुटतात. जहाजं दूर खोल पाण्यात थांबत आणि डोंग्यांतून माणसं लाटांपलीकडे नेली जात. त्या कामासाठी गोल्ड कोस्टवरचे, म्हणजे आजच्या घानातले, कसलेले डोंगीवाले भाड्यानं आणत. डोंगी उलटली तर बेड्या घातलेल्या माणसाला वाचण्याची आशा नसे.

रेतीवर ‘जिथून परत येणं नाही ते दार’ उभं आहे. १९९५ मध्ये बांधलेली ही मोठी कमान. वर बेड्यांतल्या माणसांच्या दोन रांगा कोरलेल्या आहेत, समुद्राकडे चाललेल्या. इथं अमेरिका, ब्राझील, हैती, मार्टिनिकहून आलेले लोक भेटतील. कोणी रडत असतं, कोणी पाणी सोडून पूर्वजांची नावं घेत असतं. त्यांच्यापासून अंतर ठेवा. त्यांचे फोटो काढू नका, कमानीखाली हसऱ्या सेल्फी काढू नका. बोलायचं असेल तर त्यांनी सुरुवात करावी.

इथं उभं असताना १८६० ची क्लोटिल्डा आठवावी. अमेरिकेत गुलाम आणण्यावर १८०८ पासून बंदी होती. तरी अलाबामातल्या मोबीलच्या एका जहाजमालकानं क्लोटिल्डा नावाचं जहाज वीदाला पाठवलं, सुमारे ११० माणसं विकत घेतली आणि पुरावा नष्ट करायला जहाज जाळून बुडवलं. अमेरिकेत पोचलेलं गुलामांचं ते शेवटचं ज्ञात जहाज. त्या माणसांनी यादवी युद्धानंतर मोबीलजवळ आफ्रिकाटाउन ही स्वतःची वस्ती उभी केली, आणि २०१९ मध्ये जहाजाचे अवशेष नदीच्या गाळात ओळखले गेले. त्यांचे वंशज आजही हयात आहेत. काळ किती जवळचा आहे हे त्यावरून कळतं.

समुद्रात उतरू नका. लाटांचा ओढा जबरदस्त आहे, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत खेचतो. रेतीवर सावलीत बसा, शहाळं मिळतं, ते घ्या.

दुपारनंतर: देव, साप आणि दत्ताचं चित्र

वीदा हे वोदूनचंही मोठं केंद्र. सिनेमांतल्या बाहुल्या आणि सुया इथं विसरा. वोदून म्हणजे पाणी, वीज, लोखंड, माती यांच्या देवतांची आणि पूर्वजांची पूजा. हाच धर्म बेड्यांतल्या माणसांबरोबर हैती आणि ब्राझीलला गेला आणि तिथं जगला.

अजगरांचं देऊळ गावाच्या मध्यात आहे, समोरच कॅथलिक बॅसिलिका. दांग्बे ही सर्परूपातली देवता ह्वेदा लोकांची. आत छोटे बॉल अजगर असतात, ते विषारी नाहीत. पुजारी तुमच्या गळ्यात साप घालायला सुचवेल. नको असेल तर हसून नको म्हणा. प्रवेशाचे आणि फोटोचे पैसे वेगळे असतात, आधी विचारा.

क्पासेचं पवित्र वन आपल्या देवराईसारखं आहे, जुने इरोको वृक्ष, तोडायचं काही नाही. वीदाचा राजा क्पासे इथंच झाडात रूपांतरित झाला असं मानतात. वनात देवतांचे पुतळे आहेत, दाराशी राखण करणारा लेग्बा आहे. त्याचं लिंग ठसठशीत दाखवलेलं असतं. मुलं बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवा, तिथं खिदळणं बरं दिसत नाही.

आणि भिंतींवरची मामी वाता नीट पाहा. मोकळे लांब केस, खांद्याभोवती साप, अशी ही पाण्याची देवी. तिच्या आजच्या रूपामागे हॅम्बर्गला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेलं एका गारुडी बाईचं रंगीत चित्र आहे. ते आफ्रिकेत पोचलं आणि लोकांनी त्यात आपली जुनी जलदेवता पाहिली. पुढे १९५५ मध्ये तेच चित्र मुंबईच्या श्री राम कॅलेंडर कंपनीनं आफ्रिकेतल्या व्यापाऱ्यांसाठी पुन्हा छापलं. नंतर या किनाऱ्यावर आपल्या देवांची कॅलेंडरंही आली. टोगो आणि बेनिनच्या भक्तांनी तीन शिरांच्या दत्तात्रेयाच्या चित्रात आपला डेन्सू हा जलदेव ओळखला आणि त्याची स्थापना केली. एखाद्या देवघरात दत्ताचं चित्र दिसलं तर ‘हा आमचा’ म्हणून सांगायची घाई करू नका. आधी त्यांच्याकडून ऐका, तिथं त्याला काय नैवेद्य देतात, कशासाठी त्याला बोलावतात. मग आपलं सांगा.

रस्त्यात कापडांच्या थरांनी झाकलेला एगुनगुन, म्हणजे परतलेला पूर्वज, नाचत आला तर मागे सरा. त्याच्या कापडाला स्पर्श होऊ देऊ नका. सोबतचे काठीवाले लोक सांगतील तसं वागा. कुठल्याही विधीचा फोटो विचारल्याशिवाय नाही.

खाणं

शाकाहारी माणसाचं भागतं, पण विचारून. आतासी म्हणजे तांदूळ आणि चवळीसारख्या डाळींचा एकत्र भात, आलोको म्हणजे तळलेली पिकलेली केळी, आणि वागाशी हे फुलानी लोकांचं ताजं चीज, पनीरच्या जवळचं. मक्याच्या पिठाची पात आणि आंबवलेलं आकासा सगळीकडे मिळतं, पण सोबतच्या रश्श्यात सुकी मासळी किंवा सुकट बहुधा असते, शेंगदाण्याच्या रश्श्यातसुद्धा. ‘मांस नको’ म्हटलं की मासा चालेल असं समजतात, म्हणून ‘साँ पुआसाँ’, मासळीशिवाय, हेही वेगळं सांगा. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. ताडीपासून काढलेली सोदाबी फार कडक असते, उन्हात चालण्याच्या दिवशी ती टाळा.

आणखी दोन दिवस असतील तर

एक दिवस गांविएला द्या. कोतोनूजवळ नोकुए सरोवरात हजारो माणसांचं गाव खांबांवर उभं आहे. दाहोमेच्या गुलाम पकडणाऱ्या सैन्यापासून वाचण्यासाठी तोफिनू लोक पाण्यात जाऊन राहिले, कारण धार्मिक बंधनामुळे दाहोमेचे फॉन योद्धे पाण्यावर हल्ला करत नसत, असं सांगतात. आबोमे-कालावीच्या धक्क्यावरून होडी मिळते. दुसरा दिवस अबोमेचा. दाहोमेच्या राजांचे मातीचे वाडे १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. वीदाला ज्यांची माणसं विकली गेली आणि ज्यांनी विकली, त्यांतल्या विकणाऱ्यांचं घर तिथं पाहायला मिळतं, म्हणून वीदानंतरच जा. उत्तरेकडे बुर्किना फासोच्या सीमेलगतच्या अभयारण्यांत सध्या सशस्त्र गटांचा धोका आहे, तिकडे जाऊ नका.

परतीच्या दिवशी कोतोनूला दुपारपर्यंत पोचा, वीदाच्या रस्त्यावर संध्याकाळी वाहनांची कोंडी होते. उरलेले फ्रँक विमानतळाआधीच युरोत बदला. पिवळी पुस्तिका हातसामानात ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.